सगळे प्लग काढूनही बिल का कमी होत नाही? आधी मीटरसमोर दहा मिनिटं उभं राहा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बार्शीत दोन बेडरूमचं घर, माणसं चार, महिन्याला साधारण १८० युनिट. कुठल्या तरी व्हिडिओत सांगितलं की न वापरणाऱ्या वस्तूंचे प्लग काढून ठेवले की बिल ३० टक्के उतरतं, म्हणून तुम्ही आणि सासूबाईंनी महिनाभर रोज रात्री मोबाईलचे चार्जर, मिक्सर, इस्त्री, टीव्ही, वॉशिंग मशीन सगळ्याचे प्लग काढले आणि बिल आलं १७४ युनिटचं. वर हॉलमधलं सॉकेट सैल झालं, प्लग घातला की चर्र आवाज येतो. तुम्ही विचारताय की आमचं चुकतंय कुठं.

मी सांगलीकडं २४ वर्षं वायरिंगची कामं करतोय, घरांची, दुकानांची, आणि "बिल जास्त येतंय, बघा जरा" हे ऐकलं नाही असा आठवडा जात नाही. तुम्ही कष्ट खरे घेतलेत म्हणून उत्तर नीट सविस्तर देतो. बंद घरात विजेची गळती असते, ती खोटी नाही. पण तुम्ही जे प्लग काढले त्यात ती नव्हती, आणि तुमच्याच प्रश्नात शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की "इन्व्हर्टर, सेटटॉप बॉक्स, वायफाय, फ्रिजचा स्टॅबिलायझर याला हात लावत नाही कारण ते लागतंच". माझ्या अंदाजानं तुमचं उत्तर त्या एका ओळीत आहे.

आधी ते ६ युनिट बघू. महिन्याला १८० म्हणजे दिवसाला ६. म्हणजे तुमचं जे कमी झालं ते तुमच्या घराचा बरोबर एका दिवसाचा वापर आहे. आता दोन्ही बिलं शेजारी ठेवा आणि मागील रीडिंगची तारीख आणि चालू रीडिंगची तारीख बघा, एक बिल ३१ दिवसांचं आणि एक ३० दिवसांचं असं निघालं तर सगळा हिशोब तिथंच संपला. रीडिंग दोन दिवस मागंपुढं होणं रोजचं आहे. म्हणून मी कुणालाच बिलाच्या आकड्यावरून बचत मोजा असं सांगत नाही, उन्हाळा लागला, पाहुणे आले, चार दिवस गावाला गेलात, सगळं त्यात मिसळतं. मोजायचं तर मीटरवर मोजायचं, ते पुढं सांगतो.

आता त्या ३० टक्क्यांचं गणित. १८० चे ३० टक्के म्हणजे ५४ युनिट. महिन्यात ७२० तास. ५४ युनिट वाचवायचे तर रात्रंदिवस एकसारखी ७५ वॅट खाणारी वस्तू बंद व्हायला पाहिजे, म्हणजे एक जुना सीलिंग फॅन महिनाभर एक मिनिटही न थांबता फिरवला तर जितकं होईल तितकं. तुम्ही काढलेल्या प्लगमध्ये एवढं होतं का? मिक्सर आणि साधी इस्त्री यांचं बटण बंद असलं की आत काहीच चालू नसतं, सरळ शून्य. आजकालचा चांगला मोबाईल चार्जर मोबाईल न लावता नुसता सॉकेटमध्ये राहिला तर एका वॅटचा दहावा भाग घेतो, त्याच्याही खाली, अख्ख्या वर्षाला एक युनिट होत नाही. नवा टीव्ही रिमोटनं बंद केलेला असेल तर अर्धा वॅट. वॉशिंग मशीन फार तर अर्धा ते एक. सगळं धरून दोन वॅट, म्हणजे महिन्याला दीड युनिट. तुम्ही रोज रात्री घरभर फिरून वीस एक रुपये वाचवलेत आणि एक सॉकेट खराब झालं. मला हे वाचून वाईट वाटलं कारण तेवढीच मेहनत योग्य जागी केली असती तर दिसण्याइतका फरक पडला असता.

मग तो सल्ला आला कुठून? तो खोटा नव्हता, जुना आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे टीव्ही, व्हीसीआर, म्युझिक सिस्टीम रिमोटनं बंद केले तरी ५-१० वॅट, काही तर त्याहून जास्त खात बसायचे. १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेनं सांगितलं की बंद असलेल्या वस्तूनं एका वॅटच्या वर घेता कामा नये, मग युरोपात कायदाच झाला, २०१० पासून एक वॅट आणि २०१३ पासून अर्धा वॅट, घड्याळ-डिस्प्ले असेल तर थोडी सूट. मोठ्या कंपन्या जगभर तेच डिझाईन विकतात त्यामुळं आपल्याकडचे टीव्ही-चार्जरही आपोआप सुधारले. एक वॅट वर्षभर चालू म्हणजे पावणेनऊ युनिट, हा आकडा लक्षात ठेवा, कुठल्याही वस्तूचा वॅट कळला की वर्षाचा हिशोब तोंडी येतो.

दुसरं, अमेरिकेत भिंतीतल्या सॉकेटला बटणच नसतं. तिथं बंद करायचं म्हणजे प्लग उपटायलाच लागतो. आपल्याकडं प्रत्येक सॉकेटशेजारी बटण आहे. ते बंद केलं की आत जाणारा करंट तुटला, काम झालं. बचतीसाठी प्लग काढायची काहीही गरज नाही. रोज रोज प्लग काढ-घाल केला की सॉकेटमधल्या पितळी पट्ट्यांची पकड जाते, मग संपर्क अर्धवट होतो, ठिणगी पडते, तिथं गरम व्हायला लागतं आणि प्लास्टिक पिवळं पडतं. गीझर, एसीचे मोठे १६ अँपियरचे प्लग तर अजिबात रोज काढू नका.

यात एक पोटप्रश्न आहे, बटण फेजवर, म्हणजे करंट आणणाऱ्या वायरवर असलं पाहिजे. काही घरांत, विशेषतः जिथं पोराटोरांनी किंवा गवंड्यानंच वायर जोडलेली असते तिथं, बटण न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या वायरवर बसवलेलं सापडतं. बटण बंद केलं तरी वस्तूत फेज पोचलेलाच असतो. युनिट वाढत नाही पण हात लावला तर शॉक बसतो. ओळखायची एक सोपी खूण म्हणजे बटण बंद केल्यावरही एलईडी बल्ब अंधारात मंद टिमटिमतो. दरवेळी हेच कारण असेल असं नाही, बटणात छोटा लाल इंडिकेटर असला तरी असं होतं, पण दिसलं तर वायरमनला बोलावून टेस्टरनं बघून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

आता मीटरवर कसं मोजायचं. यासाठी काही विकत आणायला नको, मोबाईलचं स्टॉपवॉच पुरतं. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक छोटा लाल दिवा असतो, तो लुकलुकतो. शेजारी बारीक इंग्रजी अक्षरात ३२०० आणि पुढं इम्प पर केडब्ल्यूएच असं काहीतरी छापलेलं असतं, काही मीटरवर १६०० किंवा ६४०० असतं. ३२०० म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट पडलं. रात्री सगळे झोपल्यावर, तुम्ही रोज जसं बंद करता तसं सगळं बंद करा, पंखे-दिवेही थोडा वेळ बंद, आणि फ्रिजचा प्लगही दहा-पंधरा मिनिटांपुरता स्टॅबिलायझरमधून काढा कारण त्याचा कॉम्प्रेसर मधेच चालू झाला तर मोजणी बिघडते. इन्व्हर्टर, सेटटॉप बॉक्स, वायफाय, स्टॅबिलायझर तुमच्या रोजच्या सवयीप्रमाणं चालू राहू द्या. मीटरसमोर जा, दिवा लुकलुकला की स्टॉपवॉच सुरू, तिथून पुढं दहा लुकलुक मोजा आणि थांबवा. ११२५० ला त्या सेकंदांनी भागा, आलेला आकडा म्हणजे वॅट. (१६०० चं मीटर असेल तर उत्तराची दुप्पट, ६४०० असेल तर निम्मं.) समजा दहा लुकलुकीला ३ मिनिटं ४५ सेकंद लागले, म्हणजे २२५ सेकंद, तर तुमचं झोपलेलं घर ५० वॅट खातंय. महिन्याचे ३६ युनिट. मीटर फक्त बघायचं, उघडायचं नाही, सीलला हात लावायचा नाही, आणि मोजून झालं की फ्रिज चालू करायला विसरू नका, हे मुद्दाम सांगतोय कारण एका घरी दुसऱ्या दिवशी सकाळी दूध नासलेलं मी बघितलंय.

मग एकेक वस्तू बंद करत परत मोजा. सेटटॉप बॉक्सचं बटण बंद, परत दहा लुकलुक. वायफाय बंद, परत मोजा. फार मोठं काम नाही, तासाभरात घराचा सगळा नकाशा हातात येतो. फक्त अगदी दोन-चार वॅटच्या भाराला मीटर कधीकधी नीट दाद देत नाही, तेवढं सोडून द्या.

इथं एक सावधगिरी. क्लॅम्प मीटर (वायरभोवती चिमट्यासारखं लावून करंट मोजायचं यंत्र) लावून कुणी तुम्हाला "बघा, नुसत्या चार्जरनं एवढा करंट घेतला, गुणिले २३० केलं की एवढे वॅट" असं दाखवलं तर त्यावर विश्वास ठेवू नका. चार्जर, अडॅप्टर, टीव्ही यांच्या तोंडाशी एक कपॅसिटर असतो, तो करंट घेतो आणि परत देतो, क्लॅम्पला तो दिसतो पण त्यातली बरीचशी वीज वापरली गेलेलीच नसते. घरगुती मीटर खरे वॅटच मोजतं, तेवढ्याचंच बिल येतं. या फसव्या हिशोबावर "वीज बचत डबी" म्हणून प्लगमध्ये लावायची वस्तू विकली जाते, आत एक कपॅसिटर आणि एक दिवा असतो. घरगुती बिलात त्यानं एक पैसा कमी होत नाही. सासूबाईंना कुणी दारात येऊन विकायला बघितलं तर सरळ नाही म्हणा.

आता तुमच्या "लागतंच" वाल्या वस्तू. पहिला नंबर इन्व्हर्टर आणि बॅटरी, आणि यावर मी थोडा जास्त बोलणार आहे कारण आपल्या भागात बंद घरातला सगळ्यात मोठा खाणारा हाच निघतो आणि कुणाच्या लक्षातच येत नाही.

इन्व्हर्टर लाईट असताना गप्प बसलाय असं आपल्याला वाटतं. पण आतला ट्रान्सफॉर्मर गरम होत असतो आणि बॅटरी भरलेली राहावी म्हणून थोडा थोडा करंट तिला जात असतो. बॅटरी धडधाकट असेल तर सगळं मिळून १५-२० वॅट. बॅटरी म्हातारी झाली की ती भरतच नाही, करंट घेत राहते आणि त्याची उष्णता करून पाणी उडवत राहते. विट्याला एका निवृत्त शिक्षकांच्या घरी गेलो होतो, सर आणि बाई दोघंच, बिल १९० च्या आसपास, सर रोज रात्री घरभर प्लग काढत फिरायचे, अगदी तुमच्यासारखंच. मीटरसमोर उभे राहिलो, सगळं बंद असताना दहा लुकलुकीला २ मिनिटं १० सेकंद. म्हणजे ८६ वॅट. सर म्हणाले मीटरच फॉल्टी असणार. मग इन्व्हर्टर पूर्ण बंद केला आणि परत मोजलं तर साडेसात मिनिटं लागली, २५ वॅट. एकटा इन्व्हर्टर ६१ वॅट, महिन्याला ४४ युनिट, आणि त्या महिन्यात लाईट एकूण दोन-तीन तास गेली असेल. जिन्याखाली बॅटरी होती, सहा वर्षांची, उलट्या हातानं कडेला स्पर्श केला तर चहाच्या कपासारखी गरम आणि टोपणांभोवती पांढरा-हिरवा थर चढलेला. बाई म्हणाल्या दर महिन्याला पाणी घालावं लागतं, पूर्वी चार-पाच महिन्यांनी लागायचं. ही सगळी त्याच आजाराची लक्षणं. बॅटरी बदलल्यावर मोजलं तेव्हा घराला दहा लुकलुकीला पावणेपाच मिनिटं लागली, म्हणजे ४० वॅटवर आलं.

तुमची बॅटरी किती वर्षांची आहे तुम्ही लिहिलेलं नाही. चार-पाच वर्षं झाली असतील, हाताला गरम लागत असेल, पाणी लवकर उडत असेल, तर तिच्याकडंच आधी बघा. खोलीला हवा लागते का तेही बघा, भरताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, बंद कपाटात बॅटरी ठेवणं धोक्याचं आहे.

इन्व्हर्टर बंदच ठेवावा का, हे मात्र तुमच्याकडच्या लाईटवर अवलंबून आहे. रोज तास-दोन तास जात असेल तर चालूच ठेवा, म्हातारी माणसं घरात आहेत, अंधारात पाय घसरून पडण्यापेक्षा दहा युनिट गेलेले परवडले. पण महिन्यातून एखाद्या वेळी जात असेल तर विचार करायला हरकत नाही. फक्त दोन गोष्टी नीट समजून घ्या. एक, पुढच्या बाजूचं बटण बंद केलं की इन्व्हर्टर बंद झाला असं लोकांना वाटतं, बहुतेक इन्व्हर्टरमध्ये त्यानं फक्त बॅकअप बंद होतो, चार्जिंग चालूच राहतं. दोन, ते बटण चालू ठेवून नुसता मागचा प्लग बंद केलात तर इन्व्हर्टरला वाटतं लाईट गेली आणि तो घर बॅटरीवर चालवायला लागतो, संध्याकाळपर्यंत बॅटरी सपाट. आधी पुढचं बटण, मग प्लगचं. आणि तुमचे दिवे-पंखे त्याच्यातून फिरून येत असतील तर ते पण बंद पडतील, त्यासाठी बायपासचं, म्हणजे लाईन इन्व्हर्टरला वळसा घालून थेट देणारं बटण लागतं, काही इन्व्हर्टरला मागं असतं, नसेल तर वायरमन बसवून देतो. बॅटरी महिनोन्महिने तशीच ठेवू नका, पंधरा-वीस दिवसांनी एकदा दिवसभर चार्जिंगला लावा, रिकामी राहिलेली बॅटरी आतून खराब होते ती परत सुधारत नाही.

सेटटॉप बॉक्स. रिमोटनं बंद केला की हिरवा दिवा लाल होतो, एवढाच काय तो बदल. आत बहुतेक सगळं चालूच असतं, बऱ्याच बॉक्समध्ये चालू असताना १० वॅट आणि "बंद" असताना ८-९. हात लावून बघा, रात्रभर "बंद" असलेला बॉक्स सकाळी कोमट असतो. टीव्ही दिवसाला पाच तास बघत असाल तर उरलेल्या १९ तासांचे महिन्याला साडेचार-पाच युनिट जातात. टीव्ही आणि बॉक्स दोन्ही एका चांगल्या एक्स्टेंशन बोर्डवर घ्या आणि भिंतीवरचं एकच बटण सासूबाईंच्या हाताला येईल असं ठेवा, वाकायला लागलं तर कुणी करत नाही. सुरू व्हायला दीड-दोन मिनिटं लागतात, मालिका लागायच्या आधी बटण दाबायची सवय लागली की झालं.

वायफायचं मी फार मनावर घेत नाही. ८-१० वॅट, रात्री सात तास बंद ठेवला तर महिन्याला जेमतेम दोन युनिट, आणि घरात कॅमेरा असेल, कुणाला रात्री फोन येत असतील तर नकोच.

स्टॅबिलायझरचं बघा. आजकालच्या बऱ्याच फ्रिजच्या दारावर किंवा मागच्या स्टिकरवर स्टॅबिलायझरची गरज नाही असं आणि व्होल्टेजची रेंज लिहिलेली असते. तुमच्या घरी व्होल्टेज त्या रेंजमध्ये राहत असेल तर स्टॅबिलायझर फुकट ५-१० वॅट खातोय. पण शेतीपंप सुरू झाले की तुमच्या लाईनला व्होल्टेज पडत असेल, दिवे मंदावत असतील, तर काढू नका. हे मी इथं बसून सांगू शकत नाही, आठवडाभर वेगवेगळ्या वेळी व्होल्टेज बघायला लागेल. एसी असेल तर मात्र हिवाळ्यात त्याचा एमसीबीच (बोर्डातला आपोआप पडणारा स्विच) खाली पाडून ठेवा, एसीचा मोठा स्टॅबिलायझर चार महिने विनाकारण गुणगुणत असतो. फ्रिज स्वतः रात्री बंद करायचा नाही, काही जण करतात, अन्न खराब होतं आणि सकाळी सगळं परत गार करायला जवळजवळ तेवढीच वीज लागते.

तुम्ही लिहिलेलं नाही पण विचारतो, गीझरचं बटण दिवसभर चालू राहतं का? १५ लिटरच्या टाकीचा गीझर कुणी पाणी न वापरता नुसता चालू ठेवला तरी उष्णता टिकवायला दिवसाला अर्धा ते एक युनिट घेतो. इतर सगळ्या चार्जरांनी मिळून वर्षभरात जेवढं खाल्लं नाही तेवढं हा आठवड्यात खातो. आणि देवघरात, पॅसेजमध्ये जुना झिरोचा बल्ब आहे का? नाव झिरो असलं तरी तो १२-१५ वॅट घेतो. रात्रभर दहा तास जळला तर महिन्याला साडेतीन ते साडेचार युनिट. त्या जागी अर्ध्या वॅटचा एलईडी लावा, पैसे चार महिन्यांच्या आत वसूल.

हे सगळं बंद करूनही मीटर लुकलुकतच राहिलं तर मग गंभीर व्हा. २०१९ च्या पुरानंतर आमच्याकडं महिनोन्महिने हेच काम होतं. नदीकडच्या एका घरात सगळे प्लग काढलेले, सगळी बटणं बंद, तरी दहा लुकलुकीला साडेआठ मिनिटं, म्हणजे २२ वॅट कुठंतरी जात होते. एकेक एमसीबी पाडत गेलो, स्वयंपाकघराचा पाडला आणि दिवा थांबला. भिंतीतला जंक्शन बॉक्स उघडला तर आत अजून चिखलाचा ओलावा, टेप काळी पडलेली, करंट ओल्या भिंतीतून जमिनीत उतरत होता. १०० मिलिअँपियरच्या जवळपास होतं ते. ३० मिलिअँपियरचं आरसीसीबी (करंट जमिनीत गळला की लाईन आपोआप तोडणारा स्विच) असतं तर पहिल्याच दिवशी पडलं असतं, त्या घरात ते नव्हतंच, आणि त्या ओट्यापाशी घरातली पोरगी अनवाणी भांडी घासायची. म्हणून तुमच्या मेन बोर्डमध्ये टेस्टचं छोटं बटण असलेलं आरसीसीबी आहे का बघा. असेल तर महिन्यातून एकदा ते टेस्टचं बटण दाबा, खटकन पडलं पाहिजे. नसेल तर बिल बाजूला ठेवा, आधी ते बसवून घ्या.

आणि मेनच बंद केला तरी मीटर लुकलुकत असेल तर मीटर आणि मेनच्या मधून कुणीतरी लाईन घेतलीय, जिन्यातला दिवा किंवा टाकीची मोटर अशी तुमच्या मीटरवर जोडलेली मी कितीतरी वेळा पकडलीय.

पैशात किती? तुमचे १८० युनिट आहेत, म्हणजे वाचलेला प्रत्येक युनिट वरच्या स्लॅबमधून, १०१ ते ३०० मधून कमी होतो. महावितरणच्या २०२४-२५ च्या दरात पहिल्या १०० युनिटांना ४ रुपये ७१ पैसे होते आणि पुढच्याला १० रुपये २९ पैसे, त्यावर वहन आकार १ रुपया १७ पैसे आणि सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे वरचा एक युनिट तेरा रुपयांच्या पुढं. दर बदलत असतात, तुमच्या बिलावरचा आजचा आकडा घालून बघा, पण सेटटॉप बॉक्स, स्टॅबिलायझर, झिरो बल्ब आणि इन्व्हर्टरची दुरुस्ती मिळून २० युनिट वाचले तरी त्या दरानं अडीचशेच्या वर रुपये दर महिन्याला. ५४ युनिट वाचतील असं मी म्हणणार नाही, ते बॅटरी किती बिघडलीय त्यावर ठरेल.

प्लग खरोखर काढायची एकच वेळ मी माझ्या घरी पाळतो, वळवाचा पाऊस. एप्रिल-मे मध्ये दुपारनंतर ढग काळे झाले की वीज कडाडायच्या आधी टीव्ही, बॉक्स, वायफाय यांचे प्लग काढायचे आणि डिशची केबल, नेटची वायर पण. वीज पडल्यावर येणारा झटका बटणाच्या दोन पत्र्यांमधलं ते बारीक अंतर सहज ओलांडतो. एका गिऱ्हाइकानं भिंतीवरचं बटण बंद ठेवलं होतं, डिशची केबल मात्र तशीच होती, बॉक्सबरोबर टीव्हीचं बोर्डही जळालं. गडगडाट डोक्यावर आल्यावर मात्र प्लगला हात लावू नका, तेव्हा जळालं तर जळू दे.

आता ते हॉलचं सॉकेट. ते बचतीच्या आधीचं काम आहे. चर्र आवाज येतोय म्हणजे आत ठिणगी पडतेय, आजपासून तिथं काही लावू नका, मेन बंद करून नवं आयएसआय मार्कचं सॉकेट बसवून घ्या, पाठीमागची वायर काळी-कडक झाली असेल तर तेवढा तुकडा कापून टाकायला सांगा आणि स्क्रू पक्के आवळलेत का ते समोर उभं राहून बघा. रात्रीचं मोजून झालं की दहा लुकलुकीला किती सेकंद लागले, मीटरवर कुठला आकडा छापलाय आणि बॅटरी किती जुनी आहे एवढं लिहा, पुढचं मी सांगतो.